दादासाहेब फाळके यांचे मन कंपनीतून का उठले?

अशोक स्तंभापासून निघून गोदावरीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जाणारा गंगापूर रोड हा आज नाशिकच्या सुशिक्षित आणि नोकरदार वर्गाचा रस्ता मानला जातो. महाविद्यालये, व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्था, शिकवणी वर्ग, बँका, दवाखाने आणि लहानमोठ्या कंपन्यांची कार्यालये यांनी तो गजबजलेला असतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत जाणारे अधिकारी व अभियंतेही याच परिसरात राहतात. या मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक तक्रार वारंवार येते. माणसे वेळेवर येतात, हजेरी लावतात, पगार घेतात. पण काम मात्र पाट्या टाकल्यासारखे करतात. त्यांचे मन कामात नसते. त्यावर उपाय म्हणून सहली निघतात, वाढदिवस साजरे होतात, बक्षिसे वाटली जातात. थोड्याच दिवसांत सारे पूर्वपदावर येते.

याच रस्त्याच्या तोंडापासून पायी जाण्याच्या अंतरावर गोळे कॉलनी आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे अखेरचे वास्तव्य या भागात होते. फाळके यांचे चरित्र सहसा जिद्दीची आणि यशाची कथा म्हणून सांगितले जाते. पण ते आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यालाही उपयोगी पडणारे आहे. कामावर जिवापाड प्रेम असलेला माणूस स्वतःच्याच संस्थेत परका कसा होतो आणि त्याला परत आणूनही तो पूर्वीचा का राहत नाही, हा तो प्रश्न होय. शंभर वर्षांपूर्वी हे सारे नाशिकमध्येच घडले.

दोनदा सोडलेली वाट

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे धुंडिराजांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना नोकरी मिळाल्यावर कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम अशा अनेक कला शिकले. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला असता प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले, तेव्हा तो व्यवसायही आवरावा लागला. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे धडे घेऊन, स्वतःच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून, प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी जन्माची सोय. पण फाळके यांचे मन तेथे रमले नाही. इतरांनी नेमून दिलेले काम इतरांनी ठरविलेल्या चाकोरीतून करीत राहणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघत असताना, १९०६ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला आणि लोणावळ्यास छापखाना काढला. रविवर्मा प्रेससाठी शिळाछपाईची कामे करता करता त्यांनी ठसे तयार करण्याचे आणि तीन रंगांतील छपाईचे तंत्र आत्मसात केले. व्यवसाय वाढला, छापखाना दादरला आला, नवे भागीदार मिळाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले.

छापखान्याची भरभराट होत असतानाच कारभाराविषयी भागीदारांशी मतभेद सुरू झाले. ते मिटले नाहीत. फाळके यांनी हिशेबाची घासाघीस न करता आपला हिस्साही सोडून दिला आणि ते बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला, घरात मुलेबाळे असलेला गृहस्थ रिकाम्या हाताने रस्त्यावर आला. व्यवहारी जगाच्या दृष्टीने हा अविचार होता. फाळके यांच्या लेखी मात्र आपल्या हातच्या कामावर आपला शब्द चालत नसेल, तर त्या कामाच्या नफ्यालाही फारसे मोल नव्हते. हा स्वभाव पुढेही सुटला नाही. त्याची पहिली दोन चिन्हे अशी नोकरीत आणि छापखान्यात दिसली होती.

तोच माणूस, दुसरे काम

कामातून मन उठलेला माणूस आळशी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. फाळके यांची त्यानंतरची दोन वर्षे हा समज खोटा ठरवितात. १९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. त्या क्षणापासून त्यांना दुसरे काही सुचेना. रोज चित्रपट पाहणे, जुनी उपकरणे जमविणे, मिळेल ते वाचणे आणि रात्र रात्र जागून प्रयोग करणे असा क्रम सुरू झाला. त्या ताणाने काही काळ दृष्टीही गेल्यासारखी झाली. उपचारांनी ती परत येताच प्रयोग पुन्हा सुरू झाले. विमापत्रे गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे चित्रपट-व्यवसायातील मंडळींना भेटून, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील कामाची पद्धत पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले.

कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेऊन एक छोटी फिल्म तयार केली. मातीतून अंकुर वर येऊन त्याचा वेल होताना मिनिटभरात दिसू लागला, तेव्हा पैसे देणारा सावकार मिळाला. घरातील दागिनेही या कामी आले. सरकारी कचेरीत न रमलेला आणि भरभराटीचा छापखाना सोडून आलेला माणूस असा अहोरात्र राबत होता. त्याची कष्ट करण्याची ताकद कधीच आटली नव्हती. ती कशासाठी आणि कोणाच्या विचाराने खर्च करायची, एवढाच प्रश्न होता.

हरिश्चंद्राचा कारखाना

'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीत फाळके मालक होते आणि मन नसलेल्या माणसांना कामात गुंतविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. चित्रपटात काम करणे ही त्या वेळी प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. आपण कोठे नोकरी करतो, हे घरी सांगण्याची नटांना लाज वाटे. त्यावर फाळके यांनी तोडगा काढला. कोणी विचारले, तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे सांगावे, अशी सूचना त्यांनी दिली. कारखाना या शब्दाला वजन होते. त्या एका शब्दाने लाजेची जागा कामकऱ्याच्या अभिमानाने घेतली.

स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना. तमाशातील आणि नायकिणींच्या वस्तीतील स्त्रियांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. नाजूक बांधा आणि लांबसडक बोटे पाहून फाळके यांनी त्यांची तारामतीच्या भूमिकेसाठी निवड केली. दरमहा १० रुपये मिळविणाऱ्या साळुंके यांना त्यांनी १५ रुपये देऊ केले. पाच रुपयांच्या वाढीने साळुंके आले, हे खरे. पण ते टिकले आणि वाढले ते वेगळ्या कारणाने. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पुढे ते छायाचित्रणाकडे वळले. खानावळीतील माणसाला इथपर्यंत येता आले, कारण त्याच्या हातून पुढचे काम होऊ शकेल, असे कोणाला तरी वाटले होते.

स्त्रीभूमिका करणाऱ्या काही नटांनी मिशा काढण्यास नकार दिला. वडील गेल्यावरच मिशी काढायची, हा रिवाज होता. हुकूम सोडून हे काम झाले नसते. फाळके यांना समजूत घालावी लागली, कथेची गरज पटवून द्यावी लागली. कामाचे कारण समजलेला माणूस अवघड अटही मान्य करतो, याचे हे लहानसे उदाहरण.

या कारखान्याचा खरा आधार होत्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. त्याखेरीज कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे आणि उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडणे ही कामेही त्यांच्याकडे होती. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सर्वजण एका ठिकाणी जेवत, एका कामासाठी झटत आणि तयार झालेली फिल्म पाहत. आपल्या हातचे काम शेवटी कशात मिसळते, हे प्रत्येकाला दिसत होते. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी 'राजा हरिश्चंद्र' दाखविण्यात आला.

नाशिकचे दिवस

त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. गोदावरीचे घाट, मंदिरे, डोंगर आणि मोकळे आकाश हे त्यांच्या पौराणिक कथांना हवे ते सारे येथे होते. गंगापूरचे धरण तेव्हा नव्हते आणि नदी आपल्या मर्जीने वाहत होती. 'मोहिनी भस्मासुर' येथे तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची सुरुवात झाली. 'सत्यवान सावित्री' पाठोपाठ आला. १९१४ मध्ये फाळके हे तिन्ही चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथे राहून चित्रपट काढण्यासाठी त्यांना मोठ्या मेहनतान्याचा देकार मिळाला. तो नाकारून ते परत आले. भारतीय चित्रपट भारतातच तयार व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

युद्धामुळे भांडवल आटले आणि पुढची वर्षे ओढाताणीची गेली. 'लंकादहन'ने मात्र चित्र पालटले. तिकीटविक्रीची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशा कथा त्या चित्रपटाबाबत सांगितल्या जातात. त्याच सुमारास फाळके यांनी चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लघुपटही काढला. त्यात फाळके स्वतः कलावंतांना शिकविताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. पडद्यामागचे श्रम पडद्यावर आणण्याची ही कल्पना त्या काळी नवीनच होती.

पाच भागीदार आणि एक कारागीर

यश आले की भांडवल चालत येते. १ जानेवारी १९१८ रोजी फाळके फिल्म्सचे रूपांतर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत झाले. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापकीय भागीदार होते. लक्ष्मण फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर हे अन्य भागीदार. फाळके हे प्रत्यक्ष काम करणारे भागीदार होते. कर्जाची विवंचना संपली. आता त्यांनी केवळ चित्रपटांकडे पाहायचे, पैशाचे इतरांनी पाहायचे, अशी ही मांडणी कागदावर तरी सुरेख होती.

प्रारंभ उत्तम झाला. १९१८ मध्ये 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ मध्ये 'कालियामर्दन' या चित्रपटांनी उदंड लोकप्रियता मिळविली. 'कालियामर्दन'मध्ये फाळके यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरील भाव प्रेक्षकांना दाखविले जातात. हा चित्रपट आजही बव्हंशी पाहावयास मिळतो आणि त्यातील ताजेपणा टिकून आहे.

कंपनीच्या आत मात्र कुरबुर वाढत होती. चित्रपटाला लागणारा वेळ आणि त्यावर होणारा खर्च हे वादाचे विषय झाले. भागीदारांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते, असे म्हणता येत नाही. त्यांनी पैसा गुंतविला होता, त्याचा हिशेब मागणे त्यांचा हक्क होता आणि बाजारात नवे स्पर्धक उतरत होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर, मुंबईत द्वारकादास संपत कामाला लागले होते. मनासारखे दृश्य मिळेपर्यंत थांबणारा फाळके यांच्यासारखा निर्माता हाताळणे कोणत्याही व्यवस्थापकाला सोपे गेले नसते. पण हिशेब विचारणे आणि चित्रपट कसा करावा हे सांगणे यांतील सीमारेषा पुसली गेली. फाळके यांना निर्मितीत ढवळाढवळ नको होती. भागीदारांना निर्मितीवर लगाम हवा होता. ज्याच्या नावावर आणि कौशल्यावर कंपनी उभी होती, त्याला आपल्याच कारखान्यात परवानगी मागण्याची वेळ आली.

त्यांनी वाद घातले, आपली बाजू मांडली. ती ऐकली जात नाही, हे दिसल्यावर एके दिवशी त्यांनी जाण्याचा निर्णय घेतला. करार पंधरा वर्षांचा होता. मध्येच तो मोडल्यास नफ्यातील वाट्यावर पाणी सोडावे लागणार होते. छापखान्याच्या वेळी जे झाले, त्याचीच पुनरावृत्ती झाली. १९१९ च्या अखेरीच्या सुमारास, सर्वांत यशस्वी चित्रपट पडद्यावर असतानाच, फाळके नाशिक सोडून कुटुंबासह काशीला गेले आणि चित्रपटसंन्यास त्यांनी जाहीर केला.

काशीतील मौन

काशीतील दिवसांत फाळके यांच्याकडे कॅमेरा नव्हता, पण विचारांना विश्रांतीही नव्हती. 'संदेश'कर्ते अच्युतराव कोल्हटकर यांनी पत्र पाठवून त्यांना परत येण्याची गळ घातली. चित्रपटाच्या दृष्टीने आपण संपलो आहोत, अशा आशयाचे उत्तर फाळके यांनी धाडले. कोल्हटकरांनी ते छापले आणि वाचकांनी पत्रांतून हळहळ व्यक्त केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील, अंगात रग असलेला कलावंत स्वतःला मृत मानू लागला होता. तथापि या मौनातूनच 'रंगभूमी' हे नाटक जन्मले. नाट्यसृष्टीतील व्यवहारांवर त्यात टीका होती. चित्रपट सोडलेला माणूस निर्मिती सोडू शकला नाही.

असंतुष्ट माणसाच्या वागण्याचा हा क्रम पुढे अभ्यासाचा विषय झाला. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये अशी मांडणी केली, की संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, तोंड उघडून तक्रार करणे. दुसरा, निघून जाणे. निष्ठा असेल, तर तो पहिला मार्ग अधिक काळ चोखाळतो. म्हणजे जो भांडतो तो अजून संस्थेचा असतो. खरी चिंता तो गप्प झाल्यावर करायची असते. फाळके भांडत होते, तोवर ते कंपनीचे होते. भागीदारांनी त्या भांडणाला उपद्रव मानले.

दरमहा हजार रुपये

फाळके यांच्याशिवाय कंपनीचे काम सुरू राहिले. इतरांनी दिग्दर्शन केले. पण पूर्वीची झळाळी राहिली नाही आणि आर्थिक अडचणी जाणवू लागल्या. वामनराव आपटे यांनी पुढाकार घेऊन फाळके यांची मनधरणी केली. १९२२ मध्ये निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून फाळके नाशिकला परतले. परतल्यानंतरचा पहिला चित्रपट 'संत नामदेव' त्याच वर्षी झळकला.

वरवर पाहता ही समेटाची गोष्ट होती. पद होते, मान होता, पुढे दरमहा १००० रुपये पगारही ठरला. साळुंके यांना १५ रुपयांवर घेतलेल्या काळाशी तुलना केली, तर ही रक्कम फार मोठी होती. पण मूळ दुखणे तसेच राहिले होते. पूर्वी ते भागीदार होते, आता पगारी नोकर झाले. काय काढावे, किती दिवसांत काढावे आणि कितीत काढावे, याचा अखेरचा शब्द अन्यत्र होता. मतभेद पुन्हा उद्भवले. फाळके जात, आपटे समजूत काढीत, फाळके परत येत, असेही घडले.

या काळात त्यांनी काम केले नाही, असे मुळीच नाही. १९२९ पर्यंत एकामागून एक चित्रपट तयार होत गेले. फाळके यांच्या नावावर ९५ चित्रपट व २६ लघुपट सांगितले जातात. त्यांतील मोठा भाग याच काळातला आहे. तरीही आज सामान्य रसिकाला त्यांचे जे चित्रपट नावाने आठवतात, ते १९१३ ते १९१९ या सहा-सात वर्षांतले आहेत. त्याला इतरही कारणे आहेत. प्रेक्षकांची आवड बदलली होती, बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कलावंतांनी तंत्र पुढे नेले होते आणि फाळके पौराणिक विषयांबाहेर फारसे पडले नाहीत. तथापि संख्या आणि जीव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. हजेरीपत्रक आणि उत्पादनाचा तक्ता यांत माणसाचे मन दिसत नाही.

नाशिकचा अनुभव आणि आजची कार्यालये

१९९० मध्ये अमेरिकी अभ्यासक विल्यम कान यांनी कामात मन असणे आणि नसणे यांवर एक शोधनिबंध लिहिला. उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुशिल्पाच्या कचेरीतील कर्मचारी यांचे त्यांनी निरीक्षण केले होते. माणूस कामात स्वतःला ओततो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात, असे त्यांना आढळले. ते काम अर्थपूर्ण वाटते, मनातले बोलल्याने आपले नुकसान होणार नाही याची खात्री असते आणि अंगात व मनात पुरेसे त्राण शिल्लक असते. आज मनुष्यबळ विभागांत जी परिभाषा वापरली जाते, तिच्या मुळाशी हे संशोधन आहे.

फाळके यांच्या आयुष्यात या गोष्टींचा येण्याजाण्याचा क्रम स्पष्ट दिसतो. हरिश्चंद्राच्या कारखान्यात साऱ्यांना कामाचा अर्थ ठाऊक होता. खानावळीतील माणसाला नवे शिकण्याची वाट मोकळी होती. नटांच्या लाजेची आणि रिवाजाचीही दखल घेतली जात होती. कंपनी झाल्यावर पैसा वाढला. बोलण्याला मिळणारे मोल कमी झाले. परत आणताना कंपनीने पगार आणि पद दिले. ज्या कारणाने माणूस गेला होता, ते कारण तसेच ठेवले. मन उठलेल्या कर्मचाऱ्याला केवळ पगारवाढ देऊन थांबविणाऱ्या प्रत्येक कार्यालयात आजही हेच घडत असते.

यावरून निघणारा उपाय साधा आहे, पण सोपा नाही. निधी किती, मुदत कोणती, हे मालकाने आरंभीच सांगावे. त्या मर्यादेत काम कसे करायचे, हे काम जाणणाऱ्यावर सोपवावे. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत या दोन कक्षा कधीच नीट आखल्या गेल्या नाहीत. त्यात फाळके यांचाही दोष होता. खर्चाला मर्यादा असते, हे मान्य करणे त्यांनाही जड गेले. एकदा मोडलेली भागीदारी त्यांना ओळखीची होती. दुसऱ्या वेळी करार करताना निर्मितीतील अधिकार लेखी ठरवून घेता आले असते. आपटे यांनी वेळोवेळी केलेली मनधरणी प्रामाणिक होती, पण मनधरणीने माणूस परत येतो आणि अधिकार मिळाल्याने तो टिकतो.

अखेरचा अर्ज

कंपनीबाहेर पडून फाळके यांनी मायाशंकर भट्ट यांच्या साहाय्याने 'सेतुबंधन' हाती घेतला. पैसा मध्येच संपला आणि चित्रपट रखडला. अखेर आपटे यांच्याच मदतीने तो पूर्ण झाला. तोवर १९३१ मध्ये 'आलम आरा' येऊन पडदा बोलू लागला होता. मूकपट म्हणून तयार झालेल्या 'सेतुबंधन'ला नंतर ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या आग्रहावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला, तेव्हा त्यांचा गौरव झाला आणि व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांना आर्थिक साह्यही मिळाले. त्यातून नाशिकला घराची सोय झाली.

थकलेल्या शरीराने नाशिकमध्ये राहत असतानाही फाळके यांनी नवा चित्रपट काढण्याचे मनात घेतले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यासाठी सरकारी परवाना लागत असे. त्यांनी रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

१९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आहे. नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. नोकरी, छापखाना आणि कंपनी या तिन्ही ठिकाणांहून मन उठून निघून गेलेला हा माणूस मृत्यूपूर्वी काही दिवस कामाची परवानगी मागत होता. त्याला कामाचा कंटाळा आला होता, असे म्हणण्यास कोठेही आधार सापडत नाही. गंगापूर रोडवरील एखाद्या कार्यालयात उद्या एखाद्या कर्मचाऱ्याचे लक्ष कामात नसल्याची तक्रार होईल, तेव्हा तो पूर्वी कशासाठी भांडत असे आणि भांडणे त्याने केव्हा थांबविले, याची चौकशी आधी झाली, तर कदाचित त्याला परत बोलावण्याची वेळ येणार नाही.